स्वमग्न मुलांचा कथाबोध

‘त्या मुलास गोष्ट कळत नाही’ हे वाक्य जितक्या सहजतेने उच्चारले जाते, तितक्या सहजतेने ते सिद्ध करता येत नाही. कोणती गोष्ट कळत नाही, ती कोणी व कशी सांगितली, आणि ती कळली नाही हे कोणत्या पुराव्यावरून ठरविले, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून असे विधान करणे म्हणजे मुद्दे निश्चित न करताच निकाल देणे होय. वकिलीच्या व्यवसायामुळे ही खोड आम्हांस जडली आहे, असे कोणी म्हणेल. परंतु ज्याच्याविषयी हा निकाल दिला जातो, त्या मुलास स्वतःची बाजू मांडता येतेच असे नाही; तेव्हा त्याच्या वतीने तरी ही खोड उपयोगी पडावी. स्वमग्न मुलांच्या कथाबोधासंबंधी गेल्या चाळीस वर्षांत जे संशोधन झाले त्याचे परीक्षण करावे, आणि आपल्या घरांतून व देवळांतून ज्या कथा सांगितल्या जातात त्यांच्या बाबतीत त्यातून काय निष्पन्न होते ते पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

अमेरिकेतील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांची हकीकत प्रसिद्ध केली, तेव्हापासून बालपणीची ही अवस्था वैद्यकाच्या नजरेत ठळकपणे आली. तिच्या इंग्रजी नावाच्या मुळाशी ‘स्व’ या अर्थाचा ग्रीक शब्द आहे, आणि त्याच वळणाने मराठीत ‘स्वमग्नता’ हा शब्द रूढ झाला. शब्द देखणा आहे यात शंका नाही. पण तो ऐकताच मूल स्वतःत बुडून गेले आहे, त्यास इतरांची दखल नाही, असा समज आपोआप होतो. वस्तुतः ही मेंदूच्या वाढीची एक निराळी घडण आहे. इतरांशी होणाऱ्या संवादात अडचण, ठरलेल्या क्रमाची व आवडत्या विषयाची विलक्षण ओढ, आणि आवाज, प्रकाश, स्पर्श यांविषयी कमीअधिक तीव्र संवेदना ही तिची लक्षणे होत. या मुलांत काही बोलत नाहीत, तर काही पुस्तकी भाषेत अस्खलित बोलतात. आपल्या देशात १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने, आणि पुढे २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने, या अवस्थेस नावानिशी मान्यता दिली आहे. शाळेच्या व कचेरीच्या दारी त्या मान्यतेचा उपयोग होतो. आजीच्या गोष्टीस किंवा देवळातील आख्यानास कायद्याचा हात पोहोचत नाही. तेथे केवळ आपली समज काय ती चालते.

आता पुराव्याकडे वळू. १९८५ साली सायमन बॅरन-कोहेन, ॲलन लेस्ली व उटा फ्रिथ या लंडनच्या संशोधकांनी एक छोटासा प्रयोग प्रसिद्ध केला. सॅली आणि ॲन या दोन बाहुल्या. सॅली आपली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते. तिच्या पाठीमागे ॲन ती गोटी काढून पेटीत ठेवते. सॅली परत आली की ती गोटी कोठे शोधील, एवढाच प्रश्न. गोटी खरोखर पेटीत आहे, पण सॅलीच्या समजुतीप्रमाणे ती टोपलीत आहे; म्हणून उत्तर ‘टोपलीत’ असे यावयास हवे. साधारण वाढीच्या २७ लहान मुलांपैकी २३ जणांनी आणि डाउन लक्षणसमूह असलेल्या १४ पैकी १२ जणांनी ते दिले. स्वमग्न मुले २० होती. त्यांतील १६ जणांनी पेटीकडे बोट दाखविले. गोटी आधी कोठे होती आणि आता कोठे आहे, हे मात्र त्या सोळाही जणांनी बरोबर सांगितले. म्हणजे घटना त्यांच्या ध्यानात होती. दुसऱ्याच्या मनातील चुकीची समजूत तेवढी त्यांच्या हाती लागली नाही.

याच तिघांनी १९८६ साली केलेला दुसरा प्रयोग आमच्या विषयास अधिक जवळचा आहे. त्यात मुलांसमोर चार चित्रांची एकेक गोष्ट ठेवली. पहिले चित्र प्रयोगकर्ता मांडी. उरलेली तीन मुलाने क्रमाने लावावयाची आणि मग गोष्ट सांगावयाची. या गोष्टींचे तीन प्रकार केले होते. पहिला प्रकार निव्वळ कार्यकारणाचा: दगड लाथाडला, तो उतारावरून घरंगळला, पाण्यात पडला. दुसरा परिचित व्यवहाराचा: दुकानात जावे, खाऊ मागावा, पैसे द्यावे, बाहेर यावे, कोणाच्या मनात काय आहे ते न पाहताही येथील क्रम लावता येतो. तिसरा मनोगताचा: मुलगी आपले अस्वल खाली ठेवून फूल तोडू लागते, मागून कोणी ते अस्वल उचलून नेतो, आणि वळून पाहते तो ती चकित. ती चकित का झाली हे कळावयास अस्वल जागेवरच आहे या तिच्या समजुतीचे ज्ञान लागते. पहिल्या दोन्ही प्रकारांत स्वमग्न मुले मागे पडली नाहीत, आणि कार्यकारणाच्या गोष्टी तर त्यांनी फारच उत्तम लावल्या. तिसऱ्या प्रकारात मात्र ती अडखळली, आणि गोष्ट सांगतानाही ‘तिला वाटले’, ‘तिला ठाऊक नव्हते’ असे शब्द त्यांच्या तोंडून क्वचितच आले.

या प्रयोगाचे मोल आमच्या मते फार मोठे आहे. ‘गोष्ट’ ही एकच एक वस्तू आहे ही भोळी समजूत त्याने मोडली. कायद्याच्या अभ्यासकास तर ही विभागणी ओळखीची वाटावी. १८७२ च्या पुरावा अधिनियमाने ‘तथ्य’ या संज्ञेत दोन गोष्टी घातल्या होत्या: इंद्रियांना जाणवणारी वस्तू वा स्थिती, आणि मनुष्यास स्वतःस जाणवणारी त्याची मनःस्थिती. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या साक्ष अधिनियमानेही ही विभागणी कायम राखली आहे. मनुष्याचा हेतू हेही तथ्यच. पण ते कोणत्याही साक्षीदाराने डोळ्यांनी पाहिलेले नसते. वर्तन, प्रसंग, आधीचे बोलणे, नंतरची लपवाछपवी यांवरून न्यायासन त्याचे अनुमान काढते. त्यासाठी तारखांवर तारखा पडतात, उलटतपासण्या होतात, आणि एवढे करून खालच्या न्यायालयाचे अनुमान वरचे न्यायालय कधी कधी फिरवते. जे काम शिकल्यासवरल्या माणसांस वर्षानुवर्षे पुरते, ते आपण गोष्टीच्या एका वाक्यात मुलाकडून करून मागतो, आणि ते न साधल्यास गोष्टच कळली नाही असे म्हणून मोकळे होतो.

मात्र प्रयोग मोलाचा असला तरी त्यावरून काढलेली सर्वच अनुमाने टिकणारी नाहीत, आणि येथे आमचा आक्षेप आहे. पहिली गोष्ट, १९८५ च्या प्रयोगात २० पैकी ४ मुलांनी बरोबर उत्तर दिले होते. ‘स्वमग्न मुलांस दुसऱ्याचे मन कळतच नाही’ हे सरसकट विधान करताना या चार साक्षीदारांची साक्ष कोणत्या नियमाने बाजूस सारली? दुसरी गोष्ट, ही अडचण स्वमग्नतेचीच मिरास नाही. ऑस्ट्रेलियात कँडिडा पीटरसन व मायकेल सीगल यांनी १९९५ साली दाखविले की ऐकू येणाऱ्या आईबापांच्या घरी वाढलेली बहिरी मुलेही असल्या परीक्षेत बहुधा मागे पडतात. ज्यांचे आईबाप स्वतः बहिरे, आणि म्हणून ज्यांना पाळण्यापासून खुणांची भाषा मिळाली, अशी बहिरी मुले तशी मागे पडत नाहीत, असेही संशोधनात आढळून आले. दुसऱ्याच्या मनाविषयीची जाण घरातील बोलण्याचालण्यातून मिळते, एवढे यावरून उघड होते. तेव्हा जे मूल संवादातून वगळले जाते त्याची ही जाण कमी भरली, तर तो दोष मुलाच्या एकट्याच्या खाती मांडणे न्याय्य ठरणार नाही.

तिसरा आक्षेप फ्रान्सेस्का हॅपे यांच्या १९९४ च्या कामावरून सुचतो. त्यांनी छोट्या छोट्या २४ गोष्टी रचल्या. कोणी थाप मारतो, कोणी समोरच्याचे मन राखण्यासाठी खोटे बोलतो, कोणी थट्टा करतो, कोणी उपरोधाने बोलतो, असे एकूण १२ प्रकार. तो माणूस असे का बोलला, हे ऐकणाऱ्याने सांगावयाचे. बाहुल्यांसारख्या परीक्षा सहज उतरलेल्या स्वमग्न व्यक्तीही येथे चुकल्या. पण त्या कशा चुकल्या ते पाहण्याजोगे आहे. त्यांच्या उत्तरांत मनोवाचक शब्द होते. ‘त्याला वाटले’, ‘तो गंमत करीत होता’ असे त्या म्हणत. फक्त प्रसंगास लागू पडणारे कारण त्या देत नसत. दुसऱ्यास मन असते हे त्यांस पुरते ठाऊक होते. बोललेला शब्द आणि मनातला अर्थ यांमधील अंतर कोणत्या खुणेवरून मोजावे, तो संकेत त्यांच्याजवळ नव्हता. हे संकेत समाज कोठेही लिहून ठेवीत नाही. न लिहिलेल्या कलमांवर कोणास दोषी धरू नये, हे तत्त्व आम्हांस तरी मान्य आहे.

आता हेच माप आपल्या कथांस लावून पाहू. मराठी घरातील मुलास प्रथम सांगितली जाणारी गोष्ट बहुधा काऊचिऊची असते. कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे मेणाचे. पाऊस आला, शेणाचे घर वाहून गेले. हा झाला कार्यकारणाचा भाग, आणि तो निर्दोष आहे. कावळा दार ठोठावतो, चिमणी म्हणते थांब, बाळास न्हाऊ घालते. तो पुन्हा ठोठावतो, ती आणखी एक काम सांगते. हा घरातल्या रोजच्या क्रमाचा भाग. आणि चिमणी खरोखरच कामात आहे की मुद्दाम टाळते आहे, हा मनोगताचा भाग. लंडनमध्ये जे तीन प्रकार तीन चित्रमालांत वाटून दिले होते, ते आपल्या या चिमुकल्या गोष्टीत एकावर एक रचलेले आहेत. समजा, एखादे स्वमग्न मूल म्हणाले, “चिमणीला काम होते.” मोठी माणसे हसतील. पण चिमणीने टाळले असे गोष्टीत कोठे म्हटले आहे? शेवटही घरोघर निराळा ऐकावयास मिळतो. ज्यास आपण ‘समज’ म्हणतो ते पुष्कळदा आपले अनुमान असते, आणि मूल कथेच्या शब्दांस आपल्याहून अधिक धरून असते. ते मूल गोष्टीत शिरलेले आहे. आपण ज्या दाराशी वाट पाहत उभे आहो, त्या दाराने ते आले नाही, इतकेच.

पंचतंत्रातील वानर व मगर यांची कथा, किंवा विहिरीत प्रतिबिंब पाहून उडी घेणाऱ्या सिंहाची कथा, या मात्र सर्वस्वी तिसऱ्या प्रकारच्या. काळीज झाडावर राहिले आहे हे मगरीस खरे वाटले, यावरच कथा उभी आहे. महाभारतात द्रोणाचार्यांचे शस्त्र गळते तेही असेच. अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला गेला आहे, आणि द्रोण समजतात पुत्र गेला. येथे श्रोत्यास एकाच वेळी दोन गोष्टी मनात धराव्या लागतात: घडले काय, आणि द्रोणांस वाटले काय. अशा कथांत स्वमग्न मुलास अडचण येण्याचा संभव अधिक, हे संशोधनावरून मानावयास हरकत नाही.

तथापि मनोगताची प्रत्येक कथा त्यास दुर्बोधच असेल, असे समजण्याचे कारण नाही. सावित्रीचे आख्यान घ्या. यम वर देतो. सावित्री शंभर पुत्र मागते. यम ‘तथास्तु’ म्हणतो आणि आपल्याच शब्दात अडकतो. या आख्यानाची कळ सावित्रीच्या प्रेमात जितकी आहे तितकीच यमाच्या वचनाच्या अक्षरार्थात आहे. दिलेला शब्द जसा उच्चारला तसाच पाळला पाहिजे, ही निष्ठा असलेल्या श्रोत्यास हे आख्यान अवघड का जावे? अक्षरार्थ घट्ट धरणे हे ज्या मुलाचे वैगुण्य म्हणून नोंदविले जाते, त्याच्यासाठी अक्षरार्थावरच जिंकली जाणारी एक श्रेष्ठ कथा आपल्या परंपरेत आहे. हे आमचे रसग्रहण आहे, प्रयोगाचा निष्कर्ष नाही. पण असा प्रयोग कोणी केल्यास तो पाहावयास आम्हांस आवडेल.

या वादाची दुसरीही बाजू आहे. डेमियन मिल्टन हे समाजशास्त्राचे अभ्यासक स्वतः स्वमग्न आहेत. २०१२ साली त्यांनी असे प्रतिपादन केले की दोन निराळ्या घडणींची माणसे एकमेकांस समजत नाहीत तेव्हा ती अडचण दुहेरी असते. एका पक्षासच त्यासाठी दोषी ठरविणे अप्रस्तुत होय. या विचाराची परीक्षा कॅथरीन क्रॉम्प्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली गोष्टीवरच घेतली. ७२ प्रौढांच्या आठ-आठ जणांच्या साखळ्या केल्या आणि एकाने ऐकलेली गोष्ट पुढच्यास सांगावी असे ठरविले. सर्व स्वमग्न असलेल्या साखळीत गोष्ट जेवढी टिकली, तेवढीच ती सर्व अस्वमग्नांच्या साखळीत टिकली. मिश्र साखळीत मात्र तपशील अधिक गळाले. २०२५ साली याच संशोधकांनी ३०० हून अधिक लोकांवर अधिक मोठा प्रयोग प्रसिद्ध केला, तेव्हा मिश्र साखळीतील ती तूट पुन्हा दिसली नाही. पहिल्या निष्कर्षावर ज्यांनी इमले बांधले होते त्यांनी ही गोष्ट लपवू नये. पण दोन्ही वेळी एक गोष्ट कायम राहिली: स्वमग्न माणसांनी ऐकलेली गोष्ट एकमेकांपर्यंत पोहोचविण्यात इतरांच्या मानाने काही उणे पडले नाही. हे प्रयोग प्रौढांवरचे आहेत, मुलांवरचे नव्हेत, हेही येथे नमूद केले पाहिजे.

उपाय म्हणून जे सुचविले जातात त्यांतील एकाचा येथे विचार करणे अवश्य आहे. अमेरिकेतील शिक्षिका कॅरल ग्रे यांनी १९९० नंतरच्या पहिल्या वर्षांत ‘सामाजिक कथा’ हा प्रकार रूढ केला. दंतवैद्याकडे गेल्यावर काय होते, रांगेत का उभे राहतात, लोक हस्तांदोलन का करतात, असे प्रसंग साध्या वाक्यांत मुलास आधी सांगून ठेवावयाचे. त्यात वर्णन अधिक आणि सूचना थोडी असावी असा त्यांचा दंडक. न लिहिलेली कलमे लिहून दाखविण्याचाच हा यत्न आहे, म्हणून तो आम्हांस स्तुत्य वाटतो. पण व्यवहारात वर्णन मागे पडून आज्ञाच पुढे येण्याचा धोका असतो, आणि मग कथेचे रूपांतर परिपत्रकात होते. ज्या मुलाच्या वाट्यास केवळ असल्याच कथा येतात, त्यास कथेपासून वागणूक शिकावयास मिळेल. कथेचा आनंद मिळेलच असे नाही. औषधाची मात्रा आणि जेवण यांत जो भेद, तो येथेही राखला पाहिजे.

आणि जेवण वाढण्याची सोय आपल्याकडे आहे, हे आमच्या वाचकांस सांगितलेच पाहिजे. नव्या लघुकथेत लेखक मनोगत झाकून ठेवतो. वाचकाने ते ओळखावे यातच तिची गोडी मानतात. कीर्तनाची रीत निराळी. उत्तररंगात आख्यान रंगात आले असता कीर्तनकार मध्येच थांबतो, द्रोणांच्या मनात त्या क्षणी काय आले ते उघड सांगतो, दृष्टांत देतो आणि मग पुढे जातो. दशावतारात पात्र रंगभूमीवर येते तेच आपली ओळख देत. देव कोण व दैत्य कोण, हे वेषावरून आणि बोलण्यावरून लपत नाही. मनातले मोठ्याने सांगणे यास आधुनिक अभिरुची बाळबोध म्हणते. १९८६ च्या चित्रांपाशी अडलेल्या मुलास नेमके हेच हवे होते.

पुनरावृत्तीचेही तसेच. तीच गोष्ट, त्याच शब्दांत, पुन्हा पुन्हा मागणाऱ्या मुलाकडे लोक चिंतेने पाहतात. पण सत्यनारायणाची कथा पाच अध्यायांची, प्रत्येक वेळी तीच. वटपौर्णिमेस सावित्री तीच. शेवट ठाऊक असताना ऐकणे हाच आपल्या श्रवणभक्तीचा पाया आहे. नावीन्यावाचून कथा नाही असे ज्यांना वाटते त्यांच्या सभेत हे मूल परके ठरेल. आपल्या सभामंडपात ते परके ठरण्याचे कारण नाही.

मात्र परंपरेची एवढी तरफदारी केल्यावर तिची उणीवही सांगितली पाहिजे. सभामंडपात झांजा, ध्वनिक्षेपक, गर्दी आणि प्रखर दिवे असतात, आणि ज्याची श्रवणेंद्रिये तीव्र आहेत त्यास ही जागा असह्य होऊ शकते. मूल कान झाकते, उठून धावते. मग ‘त्याला कीर्तनात काय कळणार’ असा शेरा येतो, आणि पुढच्या खेपेस आई त्यास घेऊन घरीच बसते. हा शेरा ध्वनिक्षेपकावर मारावयाचा होता, तो मुलाच्या बुद्धीवर मारला गेला. कडेची एक जागा, आवाज थोडा उतरविणे, मध्येच उठून जाण्याची आणि परत येण्याची मोकळीक, आणि आख्यान कोणते आहे ते घरी आधी एकदा सांगून ठेवणे, यास देवस्थानच्या समितीस ठरावाची देखील गरज पडू नये.

संशोधनाचा निष्कर्ष आमच्या समजुतीप्रमाणे एवढाच निघतो: कथांचे प्रकार अनेक आहेत, प्रत्येक प्रकार श्रोत्याकडे निराळे मागणे मागतो, आणि त्यांपैकी एक मागणे स्वमग्न मुलांस बहुधा जड जाते. त्यापलीकडचे जे जे काही ‘त्याला कळत नाही’ या तीन शब्दांच्या निकालात आपण घालतो, ते पुराव्यावाचूनचे आहे. आख्यान ऐकणारा प्रत्येक जण निराळे काही घेऊन घरी जातो, हे आपण मोठ्यांच्या बाबतीत नेहमीच मान्य करीत आलो आहो. कोणी सावित्रीची निष्ठा नेतो, कोणी यमाचा शब्द नेतो, आणि कोणा मुलास मेणाचे घर पावसात का टिकले एवढेच न्यावेसे वाटते. त्याने ते नेले की नाही हे आधी विचारावे. मग काय राहून गेले ते सांगावयास उद्याचा दिवस आहेच.